मंडपवाल्यांचा लाल चेंडू

माझी एक अडचण आहे. मी दचकते. कुकरची शिट्टी, मागून आलेली हाक, टेबलावर थरथरणारा फोन, काहीही पुरतं. आणि दचकणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात, कारण इतरांच्या जे लक्षातही राहत नाही ते आमच्या छातीत धडधडत बसतं! ऑफिसात चहा आला की कुणीतरी म्हणतं, "केतकी, मंडपवाल्यांचं सांग ना." मी एक सांगायला घेते आणि त्याला चिकटून आणखी चार येतात. कोथिंबिरीची एक काडी ओढावी आणि सगळी जुडीच हातात यावी, तसं.

तर मंडपवाल्यांचं.

आमची कंपनी छोटी. बडोद्यात, फतेगंजला दुसऱ्या मजल्यावर, खाली पफची बेकरी. निरवभाई आमचे बॉस. धवल प्रोग्राम लिहितो. माझं काम डिझाइनचं, म्हणजे सॉफ्टवेअर बांधण्याआधी त्याची चित्रं काढायची. चौकोन, रेघा, बाण. कुठला भाग कुणाला काय विचारणार आणि उत्तर कोण देणार, हे त्यात असतं. ती चित्रं मला कळतात. धवलला कळतात असं धवल म्हणतो.

मंडपवाले म्हणजे पाणीगेटच्या बाजूची जुनी पेढी. लग्नाचे मंडप, खुर्च्या, गाद्या आणि माणूस बसेल एवढी पातेली भाड्याने देणारी. मालक दोन भाऊ. थोरले मोटाशेठ बुकिंग बघतात, धाकटे नानाशेठ गोडाउन. दोघं एकाच खोलीत, शेजारशेजारच्या टेबलांवर बसतात आणि वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत! का, ते कुणाला माहीत नाही. मध्ये असतात मॅनेजर कनुभाई. पांढरी मिशी, दुखरे गुडघे आणि कायम उभे.

आणि मी होते प्रोबेशनवर. निरवभाईंनी सांगून ठेवलं होतं, "केतकीबेन, दोन्ही शेठ डिझाइनला 'हा' म्हणाले तर तू पक्की. एक 'हा' म्हणाला आणि एक 'ना', तर…" पुढे ते बोललेच नाहीत, पफ खाल्ला. त्या पफच्या आवाजाने मला रात्रभर झोप नव्हती.

*

पहिल्या मीटिंगला मी चित्र छापून नेलं. वर पाच चौकोन ओळीत, प्रत्येकाखाली एक उभी रेघ, आणि रेघांच्या मधून आडवे बाण. समजावून सांगायचं होतं. मी उभी राहिले, तोंड उघडलं, आणि आतून काहीच आलं नाही.

मोटाशेठनी कागद ओढून घेतला. चष्मा वर केला, खाली केला. कागद उलटा केला. मग खूप आपुलकीने म्हणाले, "बेन, मंडप सरस छे. पण पाच बांबूंवर उभा राहायचा नाही."

मी कागद सुलटा करून दिला.

"हे आडवे बांबू पण एका पातळीत नाहीत," त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "वारा आला तर वरात खाली आणि मंडप वर!"

तिकडून नानाशेठनी, भावाकडे न बघता, कनुभाईंना खूण केली. कनुभाई वाकले, ऐकलं, सरळ झाले आणि मला म्हणाले, "नानाशेठ विचारतात, वरमाईला आत यायचा दरवाजा कुठून?"

निरवभाई जिना उतरताना एवढंच म्हणाले, "केतकीबेन, नेक्स्ट टाइम काहीतरी वेगळं आण."

*

वेगळं काय आणणार? बोलायला तर जमत नव्हतं. मग वाटलं, चित्रच हललं तर? बाण नुसता काढण्याऐवजी त्या वाटेवरून एक लाल चेंडू पळवायचा. बुकिंगच्या चौकोनातून चेंडू निघाला, स्टॉकच्या चौकोनाकडे गेला, "खुर्च्या आहेत का?" विचारलं, उत्तर घेऊन परत आला. बघणाऱ्याने चेंडूच्या मागे डोळे न्यायचे. मी कोपऱ्यात उभं राहायचं. मला बोलायला लागू नये म्हणून मी ॲनिमेशन शिकले, हे आमच्या इंडस्ट्रीत मी कुणाला सांगत नाही.

पहिलं ॲनिमेशन ऑफिसात दाखवलं. सगळे खुर्च्या घेऊन बसले. चेंडू निघाला, छान सरकत गेला, आणि स्टॉकच्या चौकोनावर पोचताच "धाड!" असा आवाज झाला. मी किंचाळले. समोरचा चहा निरवभाईंच्या बुटावर!

तो आवाज मीच लावला होता. आदल्या दिवशी. चांगला वाटतो का बघायला.

धवल म्हणाला, "स्वतःच्या चेंडूला घाबरणारी जगातली पहिली डिझायनर!" आणि त्याने तो आवाज माझ्या फोनची रिंगटोन म्हणून लावून टाकला. आईचा फोन आला की मी उडायचे.

*

दुसऱ्या मीटिंगला चेंडू पाणीगेटला गेला. आवाज काढून.

मी फक्त बटण दाबलं. चेंडू बुकिंगकडून निघाला, स्टॉककडे गेला, तिथे लिहून आलं "खुर्च्या नाहीत", आणि चेंडू परत आला. मोटाशेठचा चेहरा पडला. मला वाटलं, संपलं!

"बेन," ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "आमच्याकडे गिऱ्हाईकाला असं पाठवतात? खाली हाथे?"

"शेठ, खुर्च्याच नाहीयेत ना," धवल म्हणाला.

"अरे, खुर्च्या नसतील! पण बसा म्हणायचं की नाही? पाणी विचारायचं की नाही? दुसरी तारीख चालेल का विचारायचं की नाही? हा गेला काय, आला काय, टपालवाला आहे का?"

निरवभाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "दुसरी तारीख… हे आपल्या डिझाइनमध्ये नव्हतंच ना?"

नव्हतं! कागदावर तोच बाण तीन आठवडे आम्हा सगळ्यांच्या समोर होता. 'नाही' घेऊन परत येणारा. त्याचं कुणालाच वाईट वाटलं नव्हतं. चेंडू चालत परत आला तेव्हा वाटलं.

पुढच्या वेळी 'नाही' मिळालेला चेंडू एका छोट्या चौकोनात थांबला, तिथून "पुढची तारीख" घेऊन मग परत आला. मोटाशेठनी टाळी वाजवली. मी दचकले, पण आनंदाने.

*

मग नानाशेठची पाळी. ते चेंडू पुन्हा पुन्हा बघत होते. कनुभाईंना बोलावलं. कनुभाई माझ्याकडे आले.

"नानाशेठ म्हणतात, मोटाशेठचा डबा मोठा काढलाय."

"नाही हो काका, दोन्ही चौकोन सारखे आहेत. मोजून काढलेत."

कनुभाई परत गेले, परत आले. "म्हणतात, मग त्यांचा डावीकडे का?"

तोवर मोटाशेठनी हात वर केला. कनुभाई तिकडे. "मोटाशेठ म्हणतात, डावीकडे मोठा भाऊ नाही तर कोण बसणार, हे नानाशेठना विचारा."

कनुभाई इकडे. कनुभाई तिकडे. दोन टेबलांमध्ये अंतर किती? एकाने हात लांब केला तर दुसऱ्याच्या बशीतला फाफडा उचलता येईल एवढं!

शेवटी नानाशेठनी खरी गोष्ट सांगून पाठवली. "म्हणतात, डबे राहू द्या. पण हा चेंडू मोटाशेठकडून सरळ माझ्याकडे येतो, असं आमच्याकडे होतच नाही. हे डिझाइन खोटं आहे. मी 'हा' म्हणणार नाही."

आणि मोटाशेठ, आयुष्यात पहिल्यांदा भावाशी सहमत होऊन, भिंतीला म्हणाले, "बरोबर छे."

*

तेव्हा डिझाइनमध्ये कनुभाई आले.

धवलने हात जोडले. "सॉफ्टवेअरमध्ये माणूस कसा घालू? कनुभाई डॉट ओपन ब्रॅकेट?" पण निरवभाई म्हणाले, दोन 'हा' पाहिजेत, घाल. म्हणजे मोटाशेठच्या स्क्रीनवरचा प्रश्न आधी कनुभाईंच्या स्क्रीनवर जाणार, ते बटण दाबणार, मग तो नानाशेठच्या स्क्रीनवर. उत्तरही तसंच उलटं.

मी दोन चौकोनांच्या मधोमध तिसरा काढला. नुसतं नाव बरं दिसेना, म्हणून पांढरी मिशी लावली. चेंडू येतो, मिशीवाला चौकोन वाकतो, चेंडू उचलतो, पुढे देतो.

कनुभाईंनी ते पाहिलं आणि खिशातून रुमाल काढला. मला वाटलं, रागावले. ते म्हणाले, "बेन, हे व्हॉट्सॲपवर पाठवता येतं?"

त्यांनी ते आणंदला मुलीकडे पाठवलं. मुलीने सासरी सगळ्यांना दाखवलं. दुसऱ्या दिवशी कनुभाई मला गेटपर्यंत घ्यायला आले. "जमाई विचारत होते, बापुजी पेढीवर नक्की करतात काय. इतकी वर्षं मला सांगता येत नव्हतं. काल त्यांना कळलं."

मग गेट उघडत म्हणाले, "फक्त एक करा. थोडा धीरे चालवा. बघताना मला दम लागतो."

*

आता खरी पंचाईत.

धवल म्हणाला, एका चेंडूने काय होतंय, लग्नसराईचा दिवस लावून बघ. मी एकदम पुष्कळ चेंडू सोडले. खुर्च्यांचा, गाद्यांचा, पातेल्यांचा, कुणाच्या तरी हळदीचा, कुणाच्या तरी साखरपुड्याचा. सगळे धावत गेले आणि मिशीवाल्या चौकोनापाशी लाल ढीग झाला! पलीकडे स्टॉकचा चौकोन रिकामा बसलेला. अलीकडे बुकिंगचा चौकोन नवे चेंडू फेकतोय. मधल्या मधे मिशी वाकतेय, उठतेय, वाकतेय, उठतेय.

ऑफिसात कुणी हसेना.

"ही सिस्टिम चालणार नाही," धवल म्हणाला. "कनुभाईंना काढावं लागेल."

"कनुभाईंना काढलं तर शेठ 'हा' म्हणणार नाहीत," निरवभाई म्हणाले.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. डिझायनर मी होते ना! कनुभाई ठेवले तर सॉफ्टवेअर बसणार, काढले तर मी घरी बसणार. मी म्हटलं, "मी जरा खाली जाऊन येते," आणि बेकरीत दोन पफ खाल्ले. भूक नव्हती.

*

घरी आम्ही मराठी, म्हणजे बडोद्याचे मराठी. आई नागरवाड्यातल्या शाळेत शिकवायची आणि रागावली की गुजरातीत रागावते. शेवटच्या मीटिंगच्या आधी मी तिला सोफ्यावर बसवून तालीम केली. एका चेंडूचं ॲनिमेशन सुद्धा दाखवलं आणि लग्नसराईचं सुद्धा.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हा मधला माणूस जेवतो कधी गं?"

"आई, तो चौकोन आहे."

"चौकोन आहे तर मिशी कशाला दिलीस?"

मग मी बोलायला उभी राहिले. "या आकृतीमध्ये आपण… म्हणजे आपल्याला… हे जे…"

"बस खाली," आई म्हणाली. "तू एकच शब्द बोल. 'बघा.' बाकी काही बोलू नकोस. चाळीस वर्षं मुलांना शिकवलंय मी. आपण बोलत राहिलो की ती आपल्याकडे बघतात, फळ्याकडे नाही."

रात्रभर मी एकच शब्द पाठ केला. तोही सकाळी विसरेन अशी भीती होतीच.

*

शेवटची मीटिंग. पेढीवर प्रोजेक्टर नेला होता. पडदा म्हणून मंडपाचं पांढरं कापड ताणून लावलं होतं, कडेला झालर असलेलं. मोटाशेठ डावीकडे, नानाशेठ उजवीकडे, मध्ये एका रिकाम्या खुर्चीशेजारी कनुभाई उभे. ठरलं होतं असं, की आधी कनुभाईंसकट एक चेंडू दाखवायचा, मग लग्नसराईचा ढीग, आणि मग निरवभाई सांभाळून कनुभाईंना वगळण्याचा विषय काढणार.

त्या सकाळीच नानाशेठचा निरोप आला होता, की कनुभाई आता चष्मा लावतात, चित्रात पण लावा. मी घाईघाईत जुना मिशीवाला काढून नवा चष्मेवाला ठेवला. आता मला माहीत आहे, की चित्र बदललं की त्याला जोडलेली हालचाल पुसली जाते. तेव्हाही माहीत होतं. पण तेव्हा मी "बघा, बघा, बघा" म्हणत होते.

"बघा," मी म्हणाले. आवाज चक्क निघाला!

चेंडू मोटाशेठच्या चौकोनातून निघाला. वर प्रश्न लिहून आला, "रविवारी मोठी पातेली किती?" चेंडू झालरीच्या खालून सरकत चष्मेवाल्या कनुभाईंपाशी आला. आणि थांबला.

मी बटण दाबलं. थांबलेला. पुन्हा दाबलं. थांबलेला! फोन थरथरला. मी दचकून माउस पाडला. निरवभाईंचा मेसेज होता. ते दोन हातांच्या अंतरावरच बसले होते. "चालू कर!!!"

सगळी खोली पडद्याकडे बघत होती. मोटाशेठनी सवयीने हात वर केला आणि खऱ्या कनुभाईंकडे पाहिलं, की आता हे जातील, विचारून येतील.

कनुभाईंनी पडद्याकडे पाहिलं. शेठकडे पाहिलं. मग शेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि बसले! पेढीवर कुणी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं.

"शेठ, मी तर तिथे अडकलोय," पडद्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. "तिथून निघालो की येतो."

बाहेर टेम्पोत खुर्च्या चढत होत्या, तेवढाच आवाज. मी वायर हलवत होते. धवल डोळे मिटून बसला होता.

मोटाशेठ खोकले. पडद्याला म्हणाले, "आता या पातेल्यांचं कुणी सांगणार आहे का?"

मग उजवीकडून, पडद्यालाच, उत्तर आलं. "अठरा."

"अठरा?" मोटाशेठ पडद्याला म्हणाले. "वीस होती."

"दोन गळतात."

मोटाशेठनी मान वळवली. पूर्ण. भावाकडे. "गळतात? कधीपासून? मला कुणी सांगत नाही!"

नानाशेठनी पण मान वळवली. "तू विचारलंस कधी?"

खोलीत अशी शांतता झाली, की मला दचकायला सुद्धा जागा नव्हती. मग मोटाशेठच्या पोटातून गुरगुरल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, आता उठून मारतात. ते हसत होते.

"आणि ते मोठं कडीवालं? आपल्या बापुजींचं?"

"ते आहे. ते मी भाड्याने देत नाही."

"मी पण त्याचं बुकिंग घेत नाही!"

"माहीत आहे मला."

निरवभाईंना राहवलं नाही. ते पुढे सरकून म्हणाले, "शेठ, मग डिझाइनला दोघांचा 'हा' समजू?"

दोघे भाऊ एकदम वळले आणि एका सुरात म्हणाले, "अरे हा बाबा हा! पण जरा थांबा ने, आमचं बोलणं चाललंय!"

फोन पुन्हा थरथरला. निरवभाई. "पक्की." आणि लगेच दुसरा. "आता काहीही चालू करू नकोस!!!"

तोवर मला चूक सापडली होती. एक क्लिक, आणि चेंडू पुढे गेला असता. बोट बटणावर होतं.

कनुभाईंनी चपला काढल्या, पाय लांब केले आणि माझ्याकडे न बघताच हळूच म्हणाले, "राहू द्या, बेन. तिथे बरा आहे मी."